सुधाकराला कुणी बुडवलं? ‘एकच प्याला’ बसवण्याआधी ठरवायची गोष्ट

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग आपल्या बडोद्यात केला. त्यामुळे इथलं एखादं मंडळ हे नाटक पुन्हा करायला निघालं की मनापासून आनंद होतो. पण तालमी सुरू होण्याआधी दिग्दर्शकाने एक गोष्ट पक्की करायला हवी: नाटकाचा नायक सुधाकर दारूपायी बुडतो, त्या नाशाचा दोष कुणाच्या पदरात घालायचा? त्याची तीन-चार उत्तरं आहेत आणि प्रत्येक उत्तरातून वेगळं नाटक उभं राहतं.

सगळ्यात हाताशी सापडणारा आरोपी म्हणजे दारुडा तळीराम. पहिला प्याला तोच पुढे करतो, आर्यमदिरा मंडळ हा पिणाऱ्यांचा अड्डाही त्याचाच. हा अर्थ घेतला तर प्रयोग रंगतो. तळीरामाच्या वाक्यांना हशा येतो आणि प्रेक्षकाला राग धरायला एक माणूस मिळतो. पण मग सुधाकर कुणीही फसवावा असा भोळा होऊन बसतो, आणि गडकऱ्यांनी तर त्याला तल्लख, मानी वकील रंगवलंय. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला इयागो थंड डोक्याने जाळ्यात ओढतो. तळीराम त्या जातीचा नाही. तो स्वतःच गळ्यापर्यंत बुडालेला आहे आणि दारूपायीच मरतो. मला तरी वाटतं, त्याला बळी नको, सोबती हवा आहे. त्याला खलनायक करणं मला साफ नामंजूर आहे.

दुसरं उत्तर, दारूच दोषी. गुजरात राज्य १९६० साली झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, त्यामुळे बडोद्याच्या प्रेक्षागृहात हे उत्तर लगेच पटतं. व्यसन हा आजार आहे ही आजची समजही त्याच्या बाजूने उभी राहते, आणि तिचा एक मोठा फायदा आहे: दारू सोडण्याचा सुधाकराचा निश्चय खरा वाटतो, तो पुन्हा घसरतो तेव्हा प्रेक्षक त्याच्यावर चिडत नाही, त्याच्यासाठी हळहळतो. पण एवढ्यावर थांबलात तर पहिला अंक वाया गेला म्हणून समजा. सुधाकर मोडतो तो प्याल्याआधी, कोर्टात.

तिथेच तिसरं उत्तर सुरू होतं, आणि त्याला सहज बाजूला सारता येत नाही. मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो, सुधाकराची वकिलीची सनद काही काळापुरती जाते, चारचौघांत मान खाली घालावी लागते. पुढे तो दारू सोडून कामाच्या शोधात निघतो तेव्हा एकेकाळचे ओळखीचे लोक त्याला दारातून परतवतात. हा प्रसंग काटछाटीत पहिला उडतो, कारण त्यात पद नाही, विनोद नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो ठेवा. व्यसन सोडलेल्या माणसाला काम न मिळणं आपल्या आजूबाजूलाही घडतं, इथल्या दांडिया बाजारात राहणाऱ्याला ते पुस्तकात वाचावं लागत नाही. फक्त हे उत्तर पहिल्या घसरणीला लावू नका. तेव्हा सुधाकराकडे घर होतं, पैसा होता, सिंधूसारखी बायको होती, रामलालसारखा मित्र होता. सनद तर परत मिळणारच होती.

म्हणून पहिल्या प्याल्याचा दोष मी सुधाकरावरच ठेवतो, त्याच्या अभिमानावर. कधीच न हरलेल्या माणसाला एक अपमान पचवता येत नाही. थांबणं, वाट पाहणं, ‘माझं चुकलं’ म्हणणं हे त्याला अवघड जातं. विसरणं सोपं वाटतं. शोकांतिकेच्या नायकाचा मोठेपणा आणि त्याचा दोष एकाच जागी असतो असं म्हणतात ते सुधाकराला तंतोतंत लागू पडतं: ज्या मानीपणामुळे तो कोर्टात ताठ उभा राहतो, तोच त्याला घरी सरळ बसू देत नाही. त्याच मानासाठी पुढे सिंधू माहेरचा पैसा नाकारते आणि लोकांची दळणं दळते. दुसऱ्या घसरणीत मात्र दार बंद करणारेही वाटेकरी आहेत. आणि मूल मरतं, सिंधूवर काठी पडते, ते पाप पुन्हा त्याच्या एकट्याचं. एकच आरोपी तीन तास चालवण्यापेक्षा अंकागणिक दोषाचं माप असं बदलत नेलं, तर सुधाकराला माफ न करताही त्याच्याबद्दल जीव तुटतो. मला हवा असलेला प्रयोग तो.

सिंधूच्या सोशिकपणाने त्याला मोकळं रान दिलं, असंही हल्ली म्हटलं जातं. मरताना ती नवऱ्याचा गुन्हा झाकते ते आज पाहवत नाही, हे खरंच. पण मार खाणारीकडून मारणाऱ्याचा हिशेब मागणं अन्यायाचं आहे. तिच्या बाबतीत धोका निराळा आहे. पहिल्या प्रयोगात सिंधू होते बालगंधर्व आणि सुधाकर गणपतराव बोडस. तेव्हापासून सिंधूचं ‘कशी या त्यजू पदाला’ हे पद ऐकायला येणारा प्रेक्षक सिंधूसाठी रडतो आणि सुधाकर नुसता पशू उरतो. संगीत ठेवणार असाल तर पदं आटोपशीर घ्या. वाचलेला वेळ कोर्टानंतरच्या सुधाकराला द्या.

भूमिका वाटतानाही हेच धोरण चालवा. मंडळातला सर्वांत ताकदीचा नट विनोदी असला तरी त्याला तळीराम देण्याची घाई करू नका, आधी सुधाकराचं वाचन त्याच्याकडून करून घ्या. आणि सुधाकर पेलणारा कुणीच नसेल, तर यंदा दुसरं नाटक घ्या.