चष्म्याचं लेझर ऑपरेशन करून आले, संभाजीनगरचा अनुभव

चौथीपासून चष्मा, नंबर मायनस साडेपाच. आम्ही सेलूचे, मी आणि धाकटा भाऊ दोघंही चष्मेवाले, आणि तो भरतीची तयारी करतोय म्हणून दोघांचं एकदाच करून टाकू म्हणलं. आधी एका ठिकाणी गेलो तर तिथं मशीनवर नुसता नंबर काढला आणि लगेच पॅकेज सांगितलं, परवा या म्हणे. मला ते काही पटलं नाही.

मग मराठवाडा एक्स्प्रेसनं संभाजीनगर गाठलं. इथं फोनवरच सांगितलेलं की लेन्स वापरत असाल तर दोन आठवडे आधी बंद करा. तपासणीत अख्खा दिवस गेला बघा. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, त्याची जाडी, त्याच्या आकाराचा रंगीत नकाशा, डोळ्यातलं पाणी, मागचा पडदा, सगळं. कॉर्निया असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि त्यातलंच थोडं काढायचं असतं, म्हणून जाडी आणि आकार बघितल्याशिवाय हात लावायचाच नसतो, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ऑपरेशनच्या दोन पद्धती सांगितल्या, लेसिक आणि स्माइल. लेसिकमध्ये वरचा पापुद्रा कापून झाकणासारखा उचलतात, तो काप साधारण २० मिलिमीटरचा. स्माइलमध्ये लेझरनं आतल्या आत एक पातळ चकती तयार करतात आणि २ ते ४ मिलिमीटरच्या छोट्या चिरेतून ओढून काढतात. स्माइलचा खर्च लेसिकपेक्षा जास्त आहे, ते आधीच सांगितलं, आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागू शकतो हेही.

माझं स्माइलनं झालं. सुई नाही, फक्त थेंब टाकून डोळा बधिर करतात. हिरव्या लुकलुकत्या लाइटकडे बघत राहा म्हणाले, मग डोळा दाबल्यासारखा झाला, सगळं पांढरं धूसर, आणि अर्ध्या मिनिटात लेझर संपला सुद्धा. चकती काढताना मात्र डोळ्याजवळ चिमटा हलतोय हे कळतं, दुखत नाही पण मी आत्याचा हात घट्ट धरायला पाहिजे होता असं वाटलं, आत कुणाला सोडत नाहीत. संध्याकाळपर्यंत धुक्यात बसल्यासारखं, पाणी लई येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचली आणि रडूच आलं. आता दीड महिना झालाय, डोळे अजून कोरडे पडतात, थेंब चालू आहेत, रात्री गाड्यांच्या लाइटभोवती थोडं वलय दिसतं. एकच तक्रार, बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात तर गॉगल आणा असं आधी सांगायला पाहिजे होतं, जालना रोडच्या उन्हात डोळे उघडता येईनात.

भावाला मात्र त्यांनी नाही म्हणलं. नकाशात खालचा भाग जरा फुगीर दिसला, केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होत पुढे फुगत जायच्या आजाराची, शंका आहे, अशा डोळ्यावर लेझर केलं तर कॉर्निया आणखी कमजोर होतो म्हणे. पैसे मिळत असताना पेशंट परत पाठवला त्यांनी, आणि आधीच्या ठिकाणी परवाच ऑपरेशन होणार होतं, हे आठवलं की अंगावर काटा येतो. येताना गाडीत तो जालन्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

सहा महिन्यांनी त्याचा नकाशा परत काढायचाय. डोळे अजिबात चोळायचे नाहीत असं बजावलंय, पण अभ्यास करता करता त्याचा हात जातोच, मग मी नाहीतर आई त्याचा हात धरते.