कार्डाची थकबाकी: सेटलमेंट की सोसायटीचं कर्ज?

कार्डाची थकबाकी दोन-तीन पगारांच्या पलीकडे गेली की ऑफिसात सल्ले दोनच मिळतात. एक गट सांगतो, भरणं थांबव, सहा महिन्यांत बँकच फोन करून निम्म्यात मिटवेल. दुसरा सांगतो, सोसायटीचं, म्हणजे ऑफिसातल्या नोकरदारांच्या पतसंस्थेचं, कर्ज काढ, कार्ड एकदम फेडून टाक आणि हप्ता पगारातून कापला जाऊ दे.

मी पहिल्या वाटेवर बराच पुढे गेलो होतो. एका बँकेशी सेटलमेंटचं बोलणं आकड्यापर्यंत आलं होतं. शेवटी दोन्ही कार्डं आमच्या पगारदार पतसंस्थेच्या कर्जातून पूर्ण फेडली. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे काही लपणार नाही. तरी ज्याच्यापुढे आज हीच निवड आहे त्याने दोन्ही बाजू तपासून बघाव्यात. मला जे सोयीचं पडलं ते प्रत्येकाला पडेलच असं नाही. कर्ज कशामुळे झालं हा विषय मी इथे घेत नाही. त्याची कारणं घरोघरी वेगळी, आणि फेडताना त्यांचा उपयोगही नसतो.

आधी हिशोब. दोन लाख थकबाकी धरू. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज झालं ७,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६०. म्हणजे ८,२६० रुपये नुसते जागेवर उभं राहण्याचे. पाच टक्के मिनिमम ड्यू, म्हणजे दरमहा भरायचीच ती किमान रक्कम, म्हणून १०,००० रुपये भरलेत तर मुद्दल हलतं जेमतेम १,७४० रुपयांनी. हेच दोन लाख सोसायटीकडून ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर मुद्दल-व्याज मिळून हप्ता साधारण ६,५५० रुपये बसतो. कार्डाच्या निव्वळ व्याजापेक्षा सोसायटीचा अख्खा हप्ता कमी! दर प्रत्येक संस्थेचा वेगळा असतो, पण १४ टक्के धरले तरी चित्र पालटत नाही. कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हा तिकडून काही दिलासा येईल म्हणून थांबण्यातही अर्थ नाही.

सेटलमेंटवाले यावर म्हणतील, आम्हाला तर निम्मंच भरायचंय. पण निम्मं कशाचं? भरणं थांबवल्यावर सहा महिन्यांत, चक्रवाढ आणि लेट फी न धरताही, वरच्या हिशोबाने जवळपास ५० हजार वाढतात. थकबाकी होते अडीच लाख आणि त्याचं निम्मं सव्वा लाख. मूळ रकमेच्या साठ टक्क्यांहून जास्तच झालं. शिवाय ते बहुतेक वेळा एकरकमी किंवा तीन-चार हप्त्यांत मागतात. हप्ता जमत नाही म्हणून जो थकला त्याने सव्वा लाख एकदम कुठून आणायचे? बऱ्याच घरांत याचं उत्तर मेव्हणा असतं.

तरीही सव्वा लाख हे सोसायटीच्या एकूण दोन लाख पस्तीस-छत्तीस हजारांपेक्षा कमीच आहेत, हे कबूल करायला हवं. नुसता पैसा मोजायचा तर सेटलमेंट स्वस्त पडते. पण कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षं दिसत राहतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमांप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला ती बँक पुढचे किमान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. दोन वर्षांत घर घ्यायचं असेल तर हा मुद्दा मोठा. घर झालेल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्याचं सोयरसुतक नसलं तरी चालेल. माझंही मत त्यावरून बदललं नाही.

ते ज्यावरून बदललं ती गोष्ट ऐकायला फुटकळ वाटेल. कागद मिळेना.

सेटलमेंटचं बोलणं फोनवर चालतं आणि दर फोनला नवा माणूस असतो. पेमेंट कधी करताय, इथपासून सुरुवात. आपण सगळी कथा पुन्हा सांगायची. एक जण साठ टक्क्यांवर येतो. चार दिवसांनी दुसरा फोन करतो, त्याला साठ टक्क्यांचं काहीच माहीत नसतं; त्याच्याकडे सत्तर आहे आणि तेही आज संध्याकाळी सहापर्यंतच, कारण महिनाअखेर आहे. मी म्हणायचो, ठीक आहे, बँकेचं पत्र पाठवा, पत्र आलं की लगेच भरतो. त्यावर ठरलेलं उत्तर, “सर, पेमेंट झालं की सिस्टीम लेटर जनरेट करते.” पैसे आधी, कागद मागाहून. एकाने व्हॉट्सॲपवर लेटरहेडचा फोटो पाठवला, त्यावर ना खात्याचा नंबर ना कुणाची सही. शाखेत गेलो तर तिथे कार्डाचं काही बघत नाहीत, कस्टमर केअरला बोला. कस्टमर केअर म्हणणार, तुमचं खातं वसुलीकडे गेलंय, त्यांचाच फोन येईल.

यामागे कुणाचा दुष्टपणा असतो असं मला वाटत नाही. खातं किती दिवस थकलंय त्यावरून ते एका बकेटमधून, म्हणजे गटातून, दुसऱ्या बकेटमध्ये जातं, आणि बकेट बदलली की बहुधा एजन्सीही बदलते. पहिल्याने काय कबूल केलं होतं ते दुसऱ्याच्या स्क्रीनवर नसतं. बोलणारी बरीचशी पोरंच असतात, त्यांनाही टार्गेट असतं. पण परिणाम आपल्यावर होतो. पत्राशिवाय भरलेला पैसा खात्यात नुसता जमा होतो आणि तडजोड झाली होती हे दाखवायला आपल्याकडे काही उरत नाही. उरलेल्या रकमेसाठी वर्षभराने तिसऱ्याच एजन्सीचा फोन आला तर त्याला काय दाखवणार, कॉल लॉग? मला पैशाची ओढाताण सोसत होती. हे अधांतरी लटकणं मात्र सोसेना.

सोसायटीत याच्या अगदी उलट. कर्ज मागणी अर्ज, जामीनदारांच्या सह्या, मंजुरी, हप्त्यांची संख्या, सगळं पहिल्या दिवसापासून कागदावर. शंका आली तर विचारायला तोच सचिव, त्याच टेबलावर, बहुधा चहासकट. हप्ता वजा होऊनच पगार जमा होतो. चुकवायची सोयच नाही, आणि मला तरी ते मानवलं.

पण सोसायटी प्रेमळ असते असा समज नको. एक तर दोन जामीनदार लागतात, तेही सभासदांतलेच. म्हणजे ज्यांच्याबरोबर रोज डबा खातो त्यांच्यापुढे आपली अडचण उघडी करायची. सही करणारा आधी तुमच्याकडे बघतो, मग घरी काय सांगायचं याचा विचार करत कागदाकडे बघतो. आज त्याने सही दिली की उद्या त्याच्या अर्जावर तुमची सही गृहीत असते, नाही म्हणता येत नाही. आणि ही सही नावापुरती नसते. तुम्ही नोकरी सोडलीत तर हप्ता त्याच्या पगारातून जाऊ शकतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली मालकाला पगारातून कपात करून संस्थेला द्यावी लागते आणि कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, त्यासाठी दिवाणी दावा लढवत बसावं लागत नाही. थकलात तर सोसायटीचे हात कार्डाच्या बँकेपेक्षा लांब पोहोचतात. मनात नोकरी बदलायचा विचार असेल तर जामीनदाराला तो आधी सांगावा, एवढं तरी त्याचं देणं लागतो आपण.

लहानसहान गैरसोयी आहेतच. सभासद होऊन काही काळ झाल्याशिवाय मोठं कर्ज मिळत नाही. रकमेचा काही भाग शेअर्सपोटी कापून घेतात, त्यामुळे थकबाकीइतकंच कर्ज मागितलं तर हातात कमी पडतं. जूनच्या तोंडावर शाळेच्या फीसाठी अर्जांची रांग लागते, तेव्हा थांबावंही लागेल.

पूर्ण फेड करणाऱ्यानेही कार्डाच्या बँकेशी घासाघीस करायला हरकत नाही. सगळं एकरकमी भरतोय, लेट फी तेवढी सोडा, असं ईमेलवर मागावं. माझ्या एका कार्डाने ती सोडली, दुसऱ्याने नाही. पूर्ण रकमेचा आकडाही ईमेलवरच मागवावा, कारण दोन स्टेटमेंटांच्या मधलं व्याज ॲपवर लगेच दिसत नाही आणि मग तीन-चारशे रुपये मागे राहून त्यावर नव्याने चक्र सुरू होतं.

मधल्या वाटा मी वरवरच पाहिल्या. बँक स्वतःच थकबाकीचे हप्ते बांधून देते. दर कार्डाच्या व्याजापेक्षा कमी असतो, पण व्याजावर जीएसटी सुटत नाही आणि प्रोसेसिंग फी असते ती वेगळी. सोसायटी नसलेल्याने आधी हे विचारावं, आणि थकायच्या आत विचारावं, कारण थकल्यावर ही सोय मिळणं अवघड होतं. सोनं गहाण ठेवणं कागदावर उत्तम दिसतं. फक्त ते सोनं बहुधा आपलं नसून बायकोचं असतं, तेव्हा तो निर्णय तिचा. पैसे घेऊन सेटलमेंट करून देणाऱ्या कंपन्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्या आधी हप्ते थांबवायला सांगतात, त्यांची फी वर चढते, आणि वसुलीचे फोन त्यांच्याच्याने थांबत नाहीत. कुणाला चांगला अनुभव आला असेल तर नाकारत नाही.

कुठलीही वाट धरली तरी फोन काही दिवस येणारच. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना किंवा साहेबांना फोन करून बेअब्रू करणंही त्यात बसत नाही. असं झालं तर तारीख-वेळ लिहून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे पडत नाहीत. उद्या पोलीस येतील ही धमकी ऐकून घाबरू नये, कार्ड थकणं हा दिवाणी मामला आहे. घाबरायचं ते चेक देताना. न वटलेला चेक निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ मध्ये जातो, तो फौजदारी गुन्हा आहे, आणि खात्यातून परस्पर जाणारा हप्ता परत गेला तर त्यालाही तसंच कलम आहे. म्हणून वसुलीवाल्याला खूश करायला पुढच्या तारखेचे चेक देऊ नयेत.

सेटलमेंट मी पूर्णपणे मोडीत काढत नाही. नोकरी गेलेली, सोसायटी नाही, जामीन राहील असं कुणी नाही, अशा माणसाला सोसायटीचा सल्ला देणं म्हणजे चेष्टाच. नादारीचा नवा कायदा २०१६ मध्ये आला, पण त्यातला साध्या माणसाच्या कर्जाबद्दलचा भाग अजून लागू झालेला नाही. कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच तो २०१९ पासून चालू आहे. बाकीच्यांसाठी ब्रिटिशांच्या काळातले जुने कायदेच आहेत. त्यामुळे अशा माणसाच्या हाती तडजोडच राहते. माझं म्हणणं इतकंच की ती फोनवर करू नका. लोकअदालतीची नोटीस आली की लोक घाबरतात. मी तर म्हणेन, तिथे आवर्जून जा. राष्ट्रीय लोकअदालत साधारणपणे वर्षातून चारदा भरते, बँकेचा माणूस समोर बसतो, आकडा ठरतो, आणि जे ठरतं त्याचा लेखी निवाडा होतो. त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी किंमत असते आणि त्यावर अपील नाही. कागद तिथेच हातात येतो. मला हे उशिरा कळलं. आधी कळतं तर मी त्या एका कार्डाचा विचार कदाचित वेगळा केला असता. कदाचित. दोन जामीनदार मिळाले होते, त्यामुळे बहुधा सोसायटीच धरली असती.

थकबाकी शून्य झाली म्हणजे कार्ड बंद झालं असं नाही. बंद करायचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. काही बाकी नसेल तर अर्जानंतर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड ती तुम्हाला देणं लागते. त्यानंतर महिना-दीड महिन्याने सिबिलचा अहवाल उघडून बघावा. सिबिल धरून चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा आपापला अहवाल फुकट देतात. अजून बाकी दिसत असेल तर बँकेचं थकबाकी नसल्याचं पत्र जोडून तिथल्या तिथे तक्रार टाकावी.