तांब्याचं म्हणून घातलेलं आर्मेचर

टाकून दिलेले मिक्सर, वॉशिंग मशीन उघडून बेअरिंगं, स्विच, कपॅसिटर काढून ठेवायचा मला पंधरा वर्षांचा नाद. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. त्यातला एक वार माझा ठरलेला. म्हणजे मी काही कोरं गिऱ्हाईक नव्हतो. तरी फसलो.

माझा लोखंड कापायचा-घासायचा चार इंची ग्राइंडर चालता चालता बंद पडला. धूर नाही, वास नाही. थापटला की दोन सेकंद फिरायचा, परत गप्प. हे तर कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजल्याचं लक्षण, किरकोळ पैशांचं काम. पण गेटचं काम अंगावर आलेलं, घरात जोडीचे कार्बन नव्हते, म्हणून वाटेवरच्या एका दुकानात टाकला. पोरगा मशीन घेऊन आत गेला आणि पाच मिनिटांत काळंठिक्कर आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, हातात घेऊन बाहेर आला. "काका, जळालंय बघा. ओरिजिनल तांब्याचं टाकतो, साडेआठशे होतील."

ते माझ्याच मशीनमधलं कशावरून, हे मला सुचलं नाही. जळक्या वार्निशचा वास बॉडीत मुरून बसतो. मशीन नुसतं नाकाला लावलं असतं तरी पुरे होतं. पण घाई! दिले पैसे. बिलही मागितलं नाही.

तीन आठवड्यांत कम्युटेटरभोवती (आर्मेचरवर कार्बन टेकतात ती तांब्याच्या पट्ट्यांची कडी) ठिणग्यांचं कडं फिरायला लागलं, मग धूर. दुकानदार म्हणाला, "लोड जास्त दिला असणार. आर्मेचरला गॅरंटी नसते."

खरी गोष्ट कळली ती भंगारवाल्याकडे. तांब्याच्या तारांबरोबर ते आर्मेचरही त्याच्या काट्यावर टाकलं. त्याने ब्लेडने एक वेटोळं खरवडलं, तार तोडली आणि बाजूला सारलं. "साहेब, हे अल्मिन आहे. तांब्यात नाही धरणार." वरचं इनॅमल तांबूस, आत तार पांढरी. ॲल्युमिनियमचा विजेला रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. तेवढ्याच जाडीची तार तेवढ्याच करंटला जास्त तापणार, आणि ग्राइंडरच्या मोटारीला आधीच श्वास घ्यायला जागा कमी. जुन्या बाजारात घेतलेली प्रत्येक मोटार मी अशीच खरवडून बघतो. स्वतःच्या मशीनला मात्र ब्लेड लावलं नाही, याचा राग पैशांपेक्षा जास्त.

आता मशीन दुरुस्तीला देण्याआधी आर्मेचरच्या शाफ्टवर नेलपॉलिशचा ठिपका देतो (बायकोची बाटली, तिला माहीत नाही). मशीन माझ्यासमोर उघडायचं, आत न्यायचं नाही. नवं आर्मेचर बसवायच्या आधी एक तार खरवडून दाखवायची. कां-कूं केली की मशीन उचलून निघतो.

माझं मूळ आर्मेचर मागायला त्या दुकानात परत गेलो होतो. "जुने पार्ट आम्ही ठेवत नाही," दुकानदार म्हणाला. मग मला दाखवलेलं ते जळकं पाच मिनिटांत कुठून आलं, असं विचारल्यावर त्याने फोन कानाला लावला.