कोचीच्या धक्क्यावरची दोनशे रुपयांची रिक्षा

आधी आकडा सांगते, म्हणजे लाज एकदाच काय ती वाटून जाईल: १८,४०० रुपये. कसाव्याच्या (केरळच्या सोनेरी काठाच्या) दोन साड्यांचे १३,६००, अर्धा किलो वेलचीचे ३,००० आणि रिक्षाचे १,८००. त्यात मी बावीस वर्षं बँकेत आहे. "ओटीपी कुणाला सांगू नका हो काका" हे दिवसातून दहादा म्हणणारी बाई ती मीच.

मुंबईहून क्रूझने निघालो होतो. बोट कोचीला विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला लागली तो बुधवार होता. कंपनीची माणशी भाव लावलेली सहल आम्ही मुद्दाम घेतली नाही. आम्हाला देवळं-चर्च बघायचीच नव्हती, मट्टनचेरीला जाऊन वेलची-मिरी आणि जावेच्या मुलीच्या लग्नासाठी साड्या घ्यायच्या होत्या. सासूबाई, जाऊ आणि मी. नवरा मुलाला घेऊन बोटीवरच थांबला, आणि आता ते रोज ऐकवतो.

सव्वाअकराला गेटबाहेर पडलो. दहा-बारा रिक्षावाले अंगावर आले, त्यातला एक म्हणाला, "या ताई, बसा." मराठीत! म्हणे सात वर्षं कुर्ल्याला होता. आई लगेच विरघळल्या. मी वॉटर मेट्रोचं, म्हणजे तिथल्या प्रवासी बोटींचं विचारलं तर म्हणे आज बंद. मट्टनचेरीतलं ज्यू टाउन, जिथे दुकानं आहेत? तेही आज बंद, सणामुळे. "मी फिरवतो, सगळं मिळून फक्त दोनशे."

गिऱ्हाईक दुकानात नेऊन कमिशन खाणारा रिक्षावाला हा प्रकार तुम्हाला समजावून सांगायला नको. मलाही माहीत होता. ज्यू टाउनमधलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद असतं, बुधवारी नाही, आणि दुकानांचा तर त्याच्याशी संबंधच नाही, हे मी बोटीवर वाचलं होतं. पण उन्हात आई उभ्या, परतायची वेळ साडेतीनची, आणि माणूस मराठी बोलतोय. माझ्या जागी कुणीही रिक्षात बसलं असतं. बसलंच असतं.

केरळात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला तीस आणि पुढे किलोमीटरला पंधरा. धक्क्यापासून मट्टनचेरी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे मीटरने शंभराच्या आसपास. मग दोनशेत चार तास फिरवणारा माणूस कमावणार कुठून? हा हिशेब मी तिथे केला नाही. घरी येऊन केला, रात्री दोन वाजता.

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. त्याने एका मोठ्या दुकानापुढे रिक्षा थांबवली. काचेवर 'सरकारमान्य'. (कुठल्या सरकारने, कशाला मान्यता दिली? असला बोर्ड दिसला की आत जाऊच नका.) आम्ही उतरतोय तेवढ्यात आतून एक पोरगा आला. त्याच्या हातात लाल कापडी पाठीची लांबट वही. त्याने रिक्षाचा नंबर लिहिला, आमच्याकडे बघून पुढे ३ आकडा टाकला आणि ड्रायव्हरला एक छोटी चिठ्ठी फाडून दिली. मी हे सगळं पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं! आणि मला वाटलं पार्किंगचं असेल. आम्ही तीन गिऱ्हाइकं म्हणून त्या वहीत जमा झालो होतो. त्या पोराने रिक्षाचा नंबर टिपला, मी टिपला नाही. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढा, ड्रायव्हरसमोर काढा.

आत सेल्समन गोड. २०१८च्या पुरात चेंदमंगलमच्या विणकरांचे माग कसे बुडाले ते सांगितलं. ते खरंच आहे. त्या खराब झालेल्या कापडाच्या बाहुल्या करून विकल्या होत्या, चेकुट्टी म्हणतात, तशी एक बाहुली त्याने आईंच्या हातात फुकट ठेवली. झालं. साडीमागे ६,८०० आम्ही घासाघीस न करता दिले. विणकरांशी कोण घासाघीस करतं? साडीवर 'हातमाग' असा नुसता छापील स्टिकर होता. खऱ्या हँडलूम मार्कच्या (हातमागाच्या सरकारी खुणेच्या) लेबलवर नंबर असतो, तो नसेल तर पुढे बोलूच नका. ऑफिसातल्या मल्याळी मैत्रिणीने काठ उलटा करून पाहिला आणि म्हणाली, पॉवरलूम, ओणमला हजाराच्या आत मिळते.

वेलचीचं तर बोलायलाच नको. त्याने तळहातावर एक वेलची फोडून दाखवली, वास खरा होता. पाकीट मात्र आतून बांधून आलं. घरी उघडलं तर वर चार बोटं हिरवीगार, टपोरी वेलची आणि खाली पिवळट पोचट फोलं. काट्यावर घातलं तर पाकिटासकट ४३० ग्रॅम. डोळ्यांदेखत भरून, डोळ्यांदेखत वजन करून घ्या, नाहीतर दादरला घ्या.

परतताना पुलाच्या अलीकडे त्याने रिक्षा बाजूला घेतली. पावणेतीन वाजलेले. दोनशे म्हणजे माणशी, तासाला. तीन माणसं, तीन तास, अठराशे. वरचा अर्धा तास सोडला म्हणाला, उपकार केल्यासारखं. मराठी आता विसरला होता. आई रडकुंडीला आल्या, बोट चुकली तर काय, मी रोख मोजून दिले. भाडं ठरवताना "एकूण, येऊन-जाऊन, सगळ्यांचं" हे तीन शब्द त्याच्याकडून वदवून घ्या, जमलं तर लिहून.

आणि आता आपली व्यवस्था. गेटवरचा रक्षक म्हणाला, गेटबाहेरचं आमचं नाही. बोटीवरच्या काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं, आमची सहल घेतली असती तर जबाबदारी आमची. म्हणजे उपाय काय, तर त्यांना पैसे द्या! एका चौकीत फोन केला, तीनदा होल्डवर ठेवला, शेवटी प्रत्यक्ष येऊन लेखी द्या. आम्ही राहतो ठाणे शहरात, तिथून कोचीला? एका सरकारी कार्यालयाला मेल केला, एकोणीस दिवसांनी उत्तर: वाहन क्रमांक कळवावा. तो असता तर तुम्हाला कशाला विचारत बसले असते! मग दुकानाबद्दल स्वतंत्र तक्रार केली, पावतीचा फोटो जोडला. पावतीवर 'साहित्य' एवढाच शब्द. साडी नाही, वेलची नाही, साहित्य. परवा पाहिलं तर तक्रारीपुढे 'निकाली' लिहिलंय. कुणी निकाली काढली, काय निकाल लागला, काही नाही. कार्डाचे पैसे परत मागितले तर माझ्याच बँकेतला सहकारी म्हणाला, मॅडम, पिन तुम्हीच टाकलात ना. हे वाक्य मी आजवर किती लोकांना ऐकवलंय.

पावतीवर प्रत्येक वस्तूचं नाव आणि वजन लिहून घ्या, मग निदान १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगायला काहीतरी हातात राहतं. आणि 'आज बंद आहे' म्हणणाऱ्याचं ऐकू नका, स्वतः बघून या. वॉटर मेट्रोची विलिंग्डन बेटावर आणि मट्टनचेरीला टर्मिनलं आहेत, २०२५च्या ऑक्टोबरपासून. आम्ही परतताना पुलावरून पाहिलं तेव्हा ती पांढरी-निळी बोट मस्त चालली होती.

साड्या कपाटात आहेत, लग्नात कुणी नेसलं नाही. वेलची फेकायला आई तयार नाहीत. चहात चार-चार टाकतात, दोन टाकल्या तर वासच येत नाही.