'ॲडोलसन्स', भाग तिसरा: कप, अर्धं सँडविच आणि एकच टेक

माझं काम कंटिन्युइटीचं. ठाण्यात घोडबंदर रोडला मराठी मालिकेचा सेट, सकाळी सातचा कॉल टाइम. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा सीन दिसणाऱ्या लांबच्या शॉटमध्ये, सुनेच्या हातातला कप अर्धा असेल तर जवळून घेतलेल्या क्लोजमध्येही तो अर्धाच हवा, मंगळसूत्र पदरावर होतं की आत, डोळ्यातलं पाणी कुठवर आलं होतं, हे सगळं मी वहीत लिहून ठेवते. त्यामुळे घरी काहीही लावलं तरी माझं लक्ष आधी टेबलावर काय ठेवलंय तिकडे जातं. "तू गोष्ट बघ ना," असं नवरा दर वेळी म्हणतो.

'ॲडोलसन्स' ही ब्रिटिश मालिका नेटफ्लिक्सवर आली 13 मार्च 2025 ला. मी पाहिली फार उशिरा, सप्टेंबरात एमी हे अमेरिकन टीव्ही पुरस्कार मिळाल्याचा गाजावाजा झाल्यावर. चार भाग, आणि चारही भाग एकेका टेकमध्ये घेतलेले. मधे कट नाही म्हणजे माझ्यासारखीला त्या सेटवर कामच नाही, हा पहिला विचार डोक्यात आला, खरं सांगते.

गोष्ट उत्तर इंग्लंडमधल्या एका गावातली. 13 वर्षांच्या जेमी मिलरला सकाळी सकाळी दार फोडून पोलीस घेऊन जातात, वर्गातल्या केटी नावाच्या मुलीच्या खुनाबद्दल. त्याने केलंय की नाही, याचं उत्तर पहिल्या भागाच्या शेवटीच सीसीटीव्हीत दिसतं. म्हणूनच नवऱ्याने तिसऱ्या भागाला मोबाइल हातात घेतला. "खुनी कळलाय, आता दोन माणसं बसून बोलणार, त्यात बघायचं काय?" दहा मिनिटांनी मोबाइल पालथा पडला होता.

सात महिने उलटलेत. जेमीला मुलांच्या कोठडीत ठेवलंय. ब्रायोनी ही मानसतज्ज्ञ कोर्टासाठी अहवाल लिहायला त्याला भेटायला येते, ही काही पहिली भेट नाही. येताना त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, वर मार्शमॅलो घालून, आणि आपल्यातलं अर्धं सँडविच देते. एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, कॅमेरा हळूहळू त्यांच्याभोवती फिरतो. जवळजवळ सगळा भाग एवढ्यावरच.

मी अर्थातच कप बघत होते. सुरुवातीला कप म्हणजे लाड आहे. पोरगा थोडा लाजतो, थोडा मिरवतो, आपल्याकडे पाहुण्यांसमोर सातवीतला मुलगा करेल तसं. ती बाबांबद्दल विचारते, आजोबांबद्दल विचारते. फुटबॉलच्या मैदानावर आपण चुकलो की बाबा दुसरीकडे बघायचे, हे तो सहज बोलून जातो. आणि मग एका प्रश्नाला तोच कप उडतो, चॉकलेट जमिनीवर, आणि तेच पोर तिच्या अंगावर ओरडत उभं. 13 वर्षांच्या पोराला घाबरलीस, असं तिलाच हिणवतं. आमच्याकडे हा सीन असता तर कप उडाल्यावर तीन क्लोज, तीन वेळा धडाम, आणि ब्रेक. इथे कटच होत नाही म्हटल्यावर आपणही हलू शकत नाही. तिच्या चेहऱ्यावरून नजर काढून घ्यायची सोय दिग्दर्शकाने ठेवलेलीच नाही. कट हा प्रेक्षकाला दिलेला श्वास असतो, हे वीस वर्षं या धंद्यात असून मला या भागाने कळलं.

ब्रायोनी बाहेर जाते, पॅसेजमध्ये स्वतःला सावरते आणि परत आत येते. पुन्हा गोड बोलणं. पुन्हा तो हसरा. मला तो मधला वेळ सगळ्यात भयंकर वाटला, कारण मला तो पुन्हा आवडायला लागला होता! केटीचा खासगी फोटो मुलांमध्ये फिरला, ती खचलेली असणार, म्हणून आपण तेव्हाच तिला आपल्याबरोबर फिरायला येतेस का विचारलं, हे तो हुशारी सांगावी तसं सांगतो. आणि आपण तिला हात लावू शकलो असतो, पण लावला नाही, म्हणजे आपण बाकीच्यांपेक्षा बरे, हेही.

जेमी झालेला ओवेन कूपर याआधी कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला नव्हता, आणि चित्रीकरण सुरू झालं ते याच तिसऱ्या भागापासून. पंधराव्या वर्षी एमी घेतलं त्याने, अभिनयासाठी ते मिळवणारा सगळ्यात लहान पुरुष. ब्रायोनीच्या भूमिकेतल्या एरिन डोहर्टीलाही मिळालं, आणि माझं मत विचाराल तर तिचं काम जास्त अवघड होतं. मधेच पोरगा जांभई देतो आणि ती विचारते, कंटाळा आला का माझा? ती जांभई खरी होती, वाक्य तिने जागेवर टाकलं. आमच्या सेटवर जांभई आली की "कट, वन मोर" आणि स्पॉटदादा चहा घेऊन हजर.

एकच टेक म्हटलं की आमच्या पिढीला आपली 'सीआयडी' आठवते. 2004 मध्ये बी. पी. सिंग यांनी लोणावळ्याला 111 मिनिटांचा अख्खा भाग एका दमात घेतला होता, गिनीज बुकात नोंद झाली त्याची. आमच्या युनिटमधले जुने लोक अजून ते कौतुकाने सांगतात. त्यात विक्रमाची मजा होती. इथे दिग्दर्शक फिलिप बॅरंटिनींनी प्रत्येक भागाला तीन आठवडे दिले, आधी तालमी आणि शेवटच्या आठवड्यात दिवसाला साधारण दोन टेक. आपण बघतो तो या भागाचा अकरावा टेक. आम्हाला आठवड्याचे सहा-सात भाग द्यायचे असताना तीन आठवड्यांत एक भाग हे ऐकूनच आमचा ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, हसला.

सगळंच गोड नाही. कोठडीतल्या सीसीटीव्हीच्या खोलीतला, ब्रायोनीशी सलगी करू पाहणारा तो चिकट कर्मचारी जरा जास्तच ठळक केलाय. बाईला पुरुषांचा त्रास आतही आहे आणि बाहेरही, हे एका नजरेत कळलं असतं. पुरुष म्हणजे काय याबद्दलचे दोन-तीन प्रश्न लेखकाच्या टिपणवहीतून थेट आल्यासारखे वाटतात. आणि केटी. दुसऱ्या भागात पोलीस बाई म्हणतेच की सगळ्यांना जेमी लक्षात राहील, केटी नाही. बोलून दाखवलं म्हणून उणीव भरून निघत नाही. तिच्या आईला एक दृश्य द्यायला हवं होतं.

आता घरातली भांडणं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. ही आपली शेवटची भेट, असं ब्रायोनी सांगते आणि पोरगा बिथरतो. त्याला ओढत नेतात, आणि जाताना तो ओरडून विचारतो, मी तुला आवडतो की नाही? सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय गं तो?" मी सांगितलं. तर म्हणाल्या, "मग सांगायचं होतं ना बाईनं. जिभेला काय हाड लागतं का?" नणंद आठवीला शिकवते, ती उसळली. "आई, तेच तर नाही सांगायचं! पोरीनेही नाहीच म्हटलं होतं त्याला. नाही ऐकून घ्यायची सवयच नाही या मुलांना." सासूबाईंचं म्हणणं, मुलगी मेली ती मेली, हेही कुणाचं तरी पोरच आहे. नवरा म्हणाला, बापाची चूक. त्यावर नणंद, "सगळ्या बापांची पोरं खून करतात का?" जेवणं साडेदहाला झाली.

ज्यांना बघायची आहे त्यांनी सबटायटल लावा, ते उत्तरेकडचे उच्चार माझ्या डोक्यावरून गेले. हा भाग मधे थांबवू नका. मुलांना दाखवावा का, हे तुमचं तुम्ही ठरवा. तिकडे माध्यमिक शाळांना तो मोफत उपलब्ध करून दिला. आमचा चौदाचा आहे, तो दारात उभा राहून बघत होता, बस म्हटलं तर बसला नाही.

दुसऱ्यांदा मी एकटीने पाहिला, सेटवर, लाइट लागेपर्यंत. तेव्हा शेवटची दोन मिनिटं नीट दिसली. खोली रिकामी. ब्रायोनी सामान आवरायला लागते. टेबलावर त्याने चावा घेतलेलं सँडविच पडलंय. ती उचलायला हात पुढे करते आणि झटक्यात मागे घेते, जणू चटका बसला. सवयीने मी वही उघडली होती. "सँडविच, एक चावा," एवढं लिहिलं, आणि शॉट लागला म्हणून हाक आली.