वायरमनची खरेदी: तापकीर गल्ली की नाक्यावरचं दुकान?

पुण्यात टू बीएचकेचं पूर्ण वायरिंग हाती असेल तर तापकीर गल्लीच, म्हणजे विजेच्या सामानाची घाऊक बाजारपेठच गाठावी. १.५ आणि २.५ चौरस मिमी वायरची ९० मीटरची बंडलं, २५ मिमी पाइप, डीबी (एमसीबी बसवायची पेटी), एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) असं एकदम घेतलं की दरात फरक पडतो. यादी मात्र पक्की हवी. स्विचभोवतीची एक प्लेट कमी पडली तर अर्धा दिवस गेलाच.

नाक्यावरच्या दुकानाचं खरं मोल काम सुरू झाल्यावर, एखादी वस्तू कमी पडली की कळतं. मॉड्युलर स्विच एका कंपनीचा आणि प्लेट दुसरीची असली की बहुधा बसतच नाही. बसवला तरी दाबताना आत सरकतो. म्हणून चार कंपन्यांचा अर्धामुर्धा माल ठेवण्यापेक्षा दुकानदाराने एकाच मालिकेच्या सगळ्या मापांच्या प्लेटा, ब्लँक (रिकामी जागा झाकायचे तुकडे) आणि बॉक्स ठेवावेत. आम्हाला तेच हवं असतं. शिवाय सकाळी लवकर शटर उघडावं आणि न वापरलेला माल परत घ्यावा.

सुटी वायर मीटरवर घेताना इन्सुलेशनवर आयएसआय खूण आणि माप छापलेलं बघा. तुकडे जोडून पाइपात सांधा ठेवू नका. सैल सांधा तापतो, मग इन्सुलेशन जळतं. एमसीबी कुठूनही घ्या, पण पक्क्या बिलावरच.