थर्माइट की वितळवलेला बेसाल्ट: सेमिनारला काय घ्यावं?

मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) आणि पाणी भिडून होणाऱ्या स्फोटांवर सेमिनार द्यायचा तर प्रयोग दोन तऱ्हेचे सापडतात. ज्वालामुखीतज्ज्ञ केन वोहलेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत लॉस ॲलमॉसला केलेले थर्माइटचे (पेटवलं की स्वतःच्या उष्णतेने वितळणारं मिश्रण, मॅग्माच्या जागी वापरलेलं), आणि खरा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, वितळवून केलेले, म्हणजे जर्मनीत व्युर्झबर्गचे नि अलीकडचे अमेरिकेत बफेलोचे. ठाण्यात एमएस्सी करताना मी दोन्ही चाळले.

थर्माइट मांडायला सोपं. पाण्याचं वस्तुमान वितळलेल्या पदार्थाच्या साधारण ०.३ पट असलं की स्फोट सर्वांत कार्यक्षम होतो, म्हणजे उष्णतेचा सर्वाधिक वाटा स्फोटाच्या जोरात उतरतो, हा आलेख एका स्लाइडवर बसतो. हाताशी एकच आठवडा असेल तर खुशाल हेच घ्या.

मला मात्र एका प्रश्नाने पिडलं. थर्माइट म्हणजे मुळात ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड. "यात मॅग्मा कुठाय?" सरावात सरांनी विचारलं, मग वर्गातल्या प्रत्येकाने. रसायन वेगळं, चिकटपणा वेगळा, तापमान बेसाल्टच्या कितीतरी वर. उत्तरं आहेत, पण निम्मा वेळ थर्माइटची वकिली करण्यात जातो.

बेसाल्टला वकील लागत नाही. पारसिकच्या डोंगरातला काळा दगड टेबलावर ठेवला की काम झालं. व्युर्झबर्गच्या प्रयोगांत वितळलेला दगड मुशीत मावेल एवढाच, म्हणून "एवढ्याशावरून ज्वालामुखी?" हे ऐकावं लागतं. बफेलोत ती अडचण बरीच कमी होते. तिथे भट्टीत चारेक तास, १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला सुमारे ३८ लिटर बेसाल्ट पोलादी पेटीत ओततात आणि त्यात पाण्याची धार सोडतात. धारेचा वेग सेकंदाला दोन-तीन मीटर असला आणि पेटी उंच असली तर स्फोट जोरकस होतात, असं २०१८च्या निबंधात दिसलं. काही वेळा तर वरून घणाचा दणका देऊन सुरुवात करून द्यावी लागली! कारण तापलेल्या तव्यावर थेंब नाचतो तसंच इथेही पाणी आणि लाव्हा यांच्यामध्ये वाफेचा पातळ पडदा असतो. दणक्याने तो फाटतो, पाणी थेट भिडतं, लाव्हाचे तुकडे होतात, तापलेला पृष्ठभाग वाढतो आणि पुढचं सगळं क्षणार्धात. वर्गाला नेमकं हेच बघायचं असतं.

प्रयोग मोजकेच आहेत, थर्माइटसारखा देखणा आलेख मिळत नाही, हे खरं. तो ०.३चा आलेख शेवटी जादा स्लाइड म्हणून ठेवा. कुणी विचारलंच तर दाखवता येईल.